ज्युडो क्लबची वही : सप्टेंबर

कृष्णाकाठ | ३० सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मागे एका धाग्यावर मी आमच्या ज्युडो क्लबच्या वहीचा ओझरता उल्लेख केला होता. दोघातिघांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं, वहीत असतं तरी काय? आज महिना संपतोय, वही समोर आहे, तर उतरवते. मुलांची नावं अर्थातच गाळली आहेत.

कराडच्या अलीकडचं आमचं गाव. क्लब म्हणजे एक जुनं गोदाम: खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, ३२ मॅट आणि एक वजनकाटा. पटावर ४१ मुलं, रोज येणारी पंचवीस-सव्वीस. सर दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सहाला शटर वर करतात. लेक जायला लागली तेव्हा मी दोन वर्षं बाहेरच्या बाकावर बसून मेथी निवडायचे. एक दिवस सरांनी जाडजूड वही हातात दिली, "ताई, बसलाच आहात तर हजेरी मांडा." तेव्हापासून मांडतेय.

वहीत पाच रकाने. तारीख, हजेरी, काय शिकवलं, वजन (महिन्याच्या पहिल्या रविवारी), आणि शेवटचा रकाना सर स्वतः भरतात: 'आज कोण चांगलं पडलं'. कोण जिंकलं याला रकानाच नाही. पहिले सहा महिने मला वाटायचं, आखताना राहून गेला असेल.

पडण्याला यांच्यात उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हात अंगापासून थोडा लांब, तळवा मॅटवर सपकन. हनुवटी आत असली की डोकं मागे आपटत नाही. नवीन पोराला पहिले तीन महिने सर दुसरं फारसं काही देतच नाहीत. पोरं कंटाळतात, काही सोडून जातात. पालक तर पंधराव्या दिवशी विचारतात, "फेकायला कधी शिकवणार?"

आता सप्टेंबर.

पहिला आठवडा विसर्जनात गेला. ७ तारखेला वजनं घेतली, म्हणजे मोदकांसकट. हजेरी १४. आलेल्यांपैकी सहा जण ढोलपथकातले, तळहाताला फोड. ज्युडोत सगळा खेळ समोरच्याची कॉलर आणि बाही धरण्यावर, आणि यांना धड मूठ वळत नव्हती. सरांनी त्या दिवशी नुसत्या कोलांट्या करून घेतल्या.

दुसरा आठवडा मॅटच्या वासाचा. पावसाळाभर फरशीतून ओल वर येते आणि मॅट खालून कुबट होतात. दोन मुलांच्या मानेवर नायटा निघाला. कुस्ती-ज्युडोवाल्यांना हे नवीन नाही, अंगाला अंग घासतं आणि पसरतं. दोघांना डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत घरी बसवलं, सगळ्या मॅट उभ्या करून पुसल्या, नखांची तपासणी सुरू केली. एका आईला राग आला, "आमच्या मुलाला वाळीत टाकलं." तिला समजावण्यात माझे दोन दिवस गेले.

तिसऱ्या आठवड्यात शालेय जिल्हास्तर स्पर्धा. आमची ११ मुलं. तीन पहिले आले, ते विभागाला जातील. त्या तिघांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, नेहमीसारखे खेळले. मला लिहायचंय ते हरलेल्या एकीबद्दल.

तेरा वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी पहिल्याच कुस्तीत मिनिटाच्या आत गेली होती. (कुस्ती म्हटलं की सर डोळे वटारतात, पण आम्ही सगळे कुस्तीच म्हणतो.) यंदा तिने सुरुवातीलाच समोरचीला कुशीवर पाडलं आणि युको, म्हणजे सगळ्यात छोटा गुण, घेतला. पुढे आहोत हे कळल्यावर ती खेळायचीच थांबली. मागे मागे सरकली, पकड तोडत राहिली, एकदा मुद्दाम रेषेबाहेर गेली. एक शिदो, दुसरा शिदो, तिसरा, आणि बाद. शिदो म्हणजे ताकीद, तीन झाल्या की खेळ खलास. ती रडली नाही. तिची आई रडली. सरांनी वहीत लिहिलं, 'घड्याळाकडे बघितलं.' एवढंच. तिने ते दुसऱ्या दिवशी वाचलं आणि मला म्हणाली, "काकू, पाच वेळा बघितलं होतं."

त्याच आठवड्यात 'चांगलं पडलं' रकान्यात एक नोंद क्लबबाहेरची आहे. दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून उतारावर हँडलवरून पुढे फेकला गेला. दप्तर पाठीला. खांद्यावरून गोल वळून बसता झाला. कोपर सोलवटलं, तळवा सोलवटला (डांबरी रस्त्यावर हात आपटला की असंच होणार), डोक्याला काही नाही. त्याच्या बाबांनी तेच दप्तर आणून सरांना दाखवलं. सरांनी आधी विचारलं, "ब्रेक का नव्हते?" मग वहीत नाव लिहिलं.

आणखी एक. शनिवार-रविवारी एक सोळा वर्षांचा मुलगा येतो, त्याला फार कमी दिसतं. दृष्टिहीनांच्या ज्युडोत सुरुवातच एकमेकांची पकड धरून होते, बाकी खेळ तोच. पॅरिसला २०२४ मध्ये कपिल परमारने याच प्रकारात कांस्य घेतलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं ज्युडोतलं पहिलं पदक. तर २० तारखेला सरांनी सगळ्यांचे डोळे बांधले आणि जमिनीवरचा सराव लावला. तो एकटा सगळ्यांना दाबून बसला. आमचा विभागाला निघालेला पठ्ठ्या त्याच्याखाली तीनदा अडकला. बाकीच्यांना डोळे मिटल्यावर आपला पाय कुठेय तेही कळत नव्हतं. त्या दिवसापासून पोरं त्याच्याशी जोडी लावायला भांडतात.

२८ तारखेला बेल्टची परीक्षा. नऊ बसले, सात पास. दोघांना डिसेंबरमध्ये या म्हटलं. त्यातल्या एकाच्या वडिलांचा सवाल: "फी भरलीय ना?"

आता मुद्द्याचं. काही पालकांनी वर्गणी काढून चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलंय, जिल्ह्यातल्या विजेत्यांचे फोटो टाकून. सरांना नकोय. ते म्हणाले, "पालकांचं पालकांनी ठरवा, माझं नाव घालू नका." मत द्यायला मला सांगितलंय, आणि मी तळ्यात-मळ्यात. तुमच्याकडे काय करतात?

निवांत | ३० सप्टेंबर, रात्री १०:१२

वाचनखूण साठवली. 'घड्याळाकडे बघितलं' हे मी ऑफिसात डेस्कवर लावणार आहे, वेगळ्या कारणासाठी.

लाल माती | ३० सप्टेंबर, रात्री ११:०५

कराडच्या अलीकडे म्हणजे खाशाबांच्या गोळेश्वरजवळच की. त्या मातीत पोरं जपानी कुस्ती करतात, चालायचंच. :) १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, फ्लेक्स नव्हता.

तालमीत वाढलोय म्हणून विचारतो. तुमच्यात पट काढलेला, म्हणजे पाय धरून पाडलेलं, चालत नाही म्हणे? एकेरी नाही, दुहेरी नाही? मग उरतं काय?

आणि ओलीचं म्हणाल तर आमच्या मातीला ओल लागतेच, वर ताक, तेल, हळद, लिंबू घालतो. तुमच्या मॅटला ती सोसत नाही. खाली ताडपत्री अंथरा, फरक पडेल.

पंच क्रमांक तीन | १ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

@लाल माती, उभ्याने पायाला हात घालणं आधी २०१० पासून बरंचसं आणि २०१३ पासून पूर्ण बंद झालं. त्यामुळे तुमचा पट गेला, आणि कलाजंग, म्हणजे यांचा काता गुरुमा, हात पायात न घालता कसाबसा मारतात. धोबीपछाड मात्र जशीच्या तशी आहे, इप्पोन सेओइ नागे म्हणतात. टांगही ओळखीची वाटेल. पाठीवर टेकवलं की संपलं, हे तर दोन्हीकडे सारखंच. फक्त इथे नुसतं टेकवून भागत नाही, जोर आणि वेग लागतो. नाहीतर धरून वीस सेकंद दाबून ठेवायचं.

त्या मुलीच्या युकोबद्दल: तो २०१७ मध्ये काढून टाकला होता, यंदाच २०२५ पासून परत आणलाय. कितीही युको घेतले तरी त्यांचा वाझा-आरी (त्याहून मोठा गुण) होत नाही, पण बरोबरीत एक युकोही पुरतो. म्हणून पोरं तो घेऊन पळायला लागली आहेत. तुमची एकटी नाही, या मोसमात मी असे बरेच शिदो दिलेत. एकच युको घेऊन तीन-साडेतीन मिनिटं ढकलणं मोठ्यांनाही झेपत नाही, तेराव्या वर्षी काय झेपणार!

सर चांगले आहेत तुमचे. एक शब्दही जास्त लिहीत नाहीत.

रुमझुम | १ ऑक्टोबर, दुपारी १:३०

छान लिहिलंयस. माझी लेक सात वर्षांची आहे, घालावी का? मुलं-मुली एकत्र असतात का? आणि स्पष्टच विचारते, अंगाला अंग लागणारा खेळ, शिकवणारे पुरुष... काय काळजी घेता?

कृष्णाकाठ | १ ऑक्टोबर, रात्री ९:१५

@रुमझुम, विचारलंस ते बरं केलंस, मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. आमच्याकडे अकरा-बारापर्यंत सगळे एकत्र, पुढे मुलीने ठरवायचं. मुलींना डावपेच दाखवायला एक ब्राऊन बेल्टची ताई आहे, सर लांबून सांगतात. शटर अर्धंही खाली येत नाही, आणि बाहेर आम्ही तिघी-चौघी कायम. जिथे पालकांना बसू देत नाहीत तिथे मी तरी घातलं नसतं. मुली आतून पांढरा टी-शर्ट घालतात, तो नियमच आहे. ड्रेस हजार-दीड हजारात येतो. एक साइज मोठा घे, धुतल्यावर आटतो. सात वर्षं ठीक. वर्षभर फक्त पडेल आणि हसेल, तेवढी तयारी ठेव.

@लाल माती, ताडपत्रीचं सरांना सांगते. ३२ मॅटखाली घालायची म्हणजे खर्च विचारावा लागेल.

आज खंडेनवमी. पोरांनी विचारलं, आपल्याकडे शस्त्र कुठलं? सरांनी वजनकाट्याला हळदकुंकू लावलं. म्हणाले, या क्लबात सगळ्यात जास्त माणसं यालाच घाबरतात.

नवरात्राची एक गंमत राहिलीच. चार मुली नऊ दिवस अनवाणी होत्या. क्लबचा नियम असा की मॅटवर अनवाणी, पण मॅटखाली उतरलं की चप्पल हवीच, नाहीतर बाहेरची घाण आत. आता व्रत मोडायचं की नियम? दाराशी बादली आणि गोणपाट ठेवलं. पाय धुवा, पुसा, आत या. सोमवारी सरच म्हणाले, बादली कायम राहू दे.

साडेसाती | २ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि आता थोडं कडू बोलतो. लेख गोड आहे, पण 'चांगलं पडलं' यावर दहावीला सवलतीचे गुण मिळत नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथे प्रमाणपत्र विचारतात, तुमची वही नाही. माझा मुलगा तायक्वांदो खेळतो. पहाटे साडेपाचला उठून मी त्याला सोडतो, महिन्याचं पेट्रोल वेगळं. तो जिंकला आणि मी फ्लेक्स लावला तर त्यात कोणाचं काय गेलं? डॉक्टरांच्या पोरांचे नीटचे फ्लेक्स चालतात. शेतकऱ्याचं पोर जिल्ह्यात पहिलं आलं की मग साधेपणा आठवतो लोकांना.

निवांत | २ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

शेवटच्या दोन वाक्यांना +१. बाकी पास.

पंच क्रमांक तीन | २ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

@साडेसाती, मुद्दा रास्त आहे, पण एक सांभाळा. प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त लागते आणि नोकरीच्या वेळी क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. गल्लोगल्ली 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा भरतात, पाच हजार फी, हॉटेलात उतरायचं, गटात तीन मुलं आणि तिघांनाही पदकं. त्या कागदांवर नोकरी मिळत नाही. फॉर्म शाळेतून, मुख्याध्यापकांच्या सहीने गेला असेल तर निर्धास्त राहा. नाहीतर पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

योकोहामाहून | ३ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

इथे बारा वर्षं आहे, मुलगा सहावीपर्यंत ज्युडोला जायचा. २०२२ मध्ये अखिल जपान ज्युडो महासंघाने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करून टाकली. जपानने, बरं का! कारणं ऐकलीत तर ओळखीची वाटतील: प्रशिक्षक लहान पोरांना वजन उतरवायला लावत होते, पालक कडेला उभे राहून पंचांवर ओरडत होते. महासंघाचं म्हणणं थोडक्यात असं की या वयात जिंकण्याच्या मागे लागणं बरं नाही. आमच्या दोजोत, म्हणजे क्लबात, त्यावरून पालकांचे सरळ दोन तट पडले. एक आजोबा तर रागाने पुढे महिनाभर आलेच नाहीत.

आणि पडण्याचं. १९८३ पासूनच्या साधारण तीस वर्षांत इथल्या शाळांमध्ये ज्युडोच्या सरावात शंभराहून जास्त मुलं दगावली, बरीचशी डोक्याच्या मारामुळे, त्यात नवशिके पुष्कळ. ओसोतो गारी, म्हणजे मागून पाय कापून सरळ पाठीवर टाकणं, हा डाव त्यात फार बदनाम झाला. २०१२ मध्ये माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा यावर इथे बराच गदारोळ झाला. तुमचे सर तीन महिने नुसतं पाडतात, त्यांना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ | ३ ऑक्टोबर, रात्री १०:००

@योकोहामाहून, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओसोतो मी उगाच मागे ठेवत नाही. मला शिकवताना ठेवला नव्हता." पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वजनाचं आमच्याकडेही झालं. जिल्हास्तरच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगा ४०० ग्रॅमने वर होता. वडील म्हणाले, रात्री जेवत नाही, सकाळी पळवतो, बसेल. सरांनी काटा उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि त्याला वरच्या गटात खेळवलं. दुसऱ्या फेरीत हरला. वडील अजून सरांशी बोलत नाहीत. मुलगा येतो, रोज येतो.

@साडेसाती, तुमच्या पेट्रोलचा हिशोब मला कळतो, माझाही आहे. म्हणूनच तर मत देताना जीव अडखळतोय. ज्या तिघांचे फोटो लागतील त्यातल्या एकाची आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. तिला हवाय फ्लेक्स. तिला कुठल्या तोंडाने नको म्हणू?

लाल माती | ४ ऑक्टोबर, सायं. ७:३०

मग लावा की. आईला हवाय, विषय संपला. ताडपत्रीचं काय झालं?

रुमझुम | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:००

आज लेकीला इथल्या क्लबात घेऊन गेले. पालकांना आत बसू देत नाहीत म्हणाले. परत आले. दुसरा शोधतेय.

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

उशीर झाला, पण खबर द्यायचीच होती.

मी 'लावा' म्हटलं. सोमवारी लागला. बारा बाय आठ फूट. वर्गणी कमी पडली म्हणून एका साहेबांनी भर घातली, त्यामुळे निम्म्या फ्लेक्सवर साहेब. उरलेल्यात त्यांचे सहा कार्यकर्ते, आणि खालच्या कोपऱ्यात आमची तीन पोरं, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मथळा: 'ज्युडो कराटेमध्ये घवघवीत यश'. तरी ती आई रोज कामावर जाताना दोन मिनिटं तिथे थांबायची. मी पाहिलंय.

गुरुवारच्या परतीच्या पावसात वाऱ्याने एक बाजू सुटली आणि रात्रभर फडफडून तो रस्त्यावर आला. सकाळी पोरांनी गुंडाळून क्लबात आणला. आधी सरांनी कात्री मागितली, तिघांचे फोटो नीट कापून ज्याचे त्याला दिले. उरलेला पुसून भिंतीकडच्या मॅटखाली अंथरला, जिथे ओल जास्त येते तिथेच. @लाल माती, तुमची ताडपत्री मिळाली, तीही फुकट. तीन दिवस झाले, त्या रांगेला वास नाही.

पंच क्रमांक तीन | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४५

साहेब वरच्या बाजूला की खालच्या?

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५२

वर. छप्पर तिथेच गळतं.